पाऊस लागला की मांजर सोफ्यावर का मुततं?

जूनमध्ये पाऊस एकदा धरला की कोकणातल्या मांजरवाल्या घरांत एकच तक्रार ऐकू येते. उन्हाळाभर शहाण्यासारखं वागलेलं मांजर अचानक सोफ्यावर मुततं, नाहीतर गादीवर, नाहीतर इस्त्रीसाठी काढून ठेवलेल्या कपड्यांच्या ढिगावर. घरातलं वडीलधारं माणूस लगेच निकाल देऊन टाकतं, "मुद्दाम करता तां, रागान!" मग मांजराच्या पाठीत झाडू बसतो आणि सोफ्यावर फिनाईल ओतलं जातं. झाडूने मांजर फक्त घाबरतं. फिनाईल त्याच्या जिवावर उठू शकतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी रागाचं बघू. काल मासे घातले नाहीत म्हणून आज गादीवर मुतायचं, असा हिशेब मांजराच्या डोक्यात नसतो. आपण लघवीला घाण समजतो, मांजर समजत नाही. त्यामुळे आपल्याला चिडवायचं साधन म्हणून ती वापरावी हे त्याला सुचणंच शक्य नाही. बहुतेक वेळा तीनपैकी एक कारण असतं: त्याला दुखतंय, त्याला शौचाची जागा पटत नाही, किंवा त्याला घरावर आपला शिक्का मारायचा आहे. तिन्हींवरचे उपाय एकमेकांपासून अगदी वेगळे आहेत. कारण न ओळखता केलेला खर्च वाया जातो, हे सगळ्यात आधी लक्षात घ्या.

ओळखायचं कसं? किती, कुठे आणि कसं, हे बघायचं. बसून केलेली लघवी आडव्या पृष्ठभागावर असते, गादीवर, उशीवर, फरशीवर, आणि तिचं चांगलं थारोळं होतं. शिक्का मारताना मांजर बसत नाही. कपाटाकडे किंवा सोफ्याच्या पाठीकडे शेपटाची बाजू करून उभं राहतं, शेपूट ताठ वर जाते, तिचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी हलतात आणि एक बारीक फवारा साधारण वीतभर उंचीवर बसतो. तिथून ओघळ खाली येतो. लघवी थोडीच असते, पण वास असा की पाहुणे ओटीवरूनच परत जातील. उभ्या लाकडावर ओघळ दिसला तर शिक्का, गादीवर थारोळं दिसलं तर दुखणं किंवा जागा. अपवाद असतात, पण सुरुवात इथून करावी.

दुखणं आधी तपासा

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा. बोका असेल तर दुप्पट महत्त्वाचा.

बोक्याची मूत्रनलिका फार अरुंद असते. खर, बारीक खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकला की लघवी तुंबते. बोका पुन्हापुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो, आणि थेंबभर येतं किंवा काहीच येत नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाहीये, म्हणून एरंडेल पाजलं जातं. त्यात बहुमोल वेळ जातो. लघवी पूर्ण तुंबली तर रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. एक-दोन दिवसांत बोका हातचा जाऊ शकतो. उलट्या सुरू झाल्या, पोट हाताला टणक लागलं, बोका कोपऱ्यात निपचित पडला, तर सकाळ व्हायची वाट बघू नका.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांची एक व्यावहारिक अडचण आहे. तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना मुख्यतः गाई-म्हशी, बैल, शेळ्या बघतो. तिथले डॉक्टर चांगले असतात, पण बोक्याला घालायची बारीक नळी आणि भूल देण्याची सोय असेलच असं नाही. म्हणून निघण्याआधी फोन करा आणि नेमकं विचारा, "बोक्याची लघवी तुंबलीय, नळी घालायची सोय आहे का?" नसेल तर कुठे आहे हेही तेच सांगतील. सिंधुदुर्गातल्या लोकांना यासाठी कधी गोव्याला, कधी कोल्हापूरला जावं लागतं. तो नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा, कारण घाट उतरत-चढत जायची वेळ आली तर शोधाशोधीला वेळ नसतो.

तुंबलेली नसली तरी लघवी दुखत असू शकते. तरुण मांजरांमध्ये मूत्राशयाला सूज येण्याचा एक प्रकार बराच आढळतो. त्यात जंतू सापडत नाहीत, खडाही सापडत नाही, आणि मांजराच्या मनावरचा ताण वाढला की तो उफाळतो. थोडी थोडी, वारंवार, कधी गुलाबीसर लघवी होते. मेडिकलवाल्याला सांगून जंतुनाशक गोळ्या आणण्यात इथे काही अर्थ नाही, कारण मारायला जंतूच नाहीत. आणि माणसाची तापाची गोळी, म्हणजे पॅरासिटामॉल, मांजराला कधीही देऊ नका. एका गोळीनेही मांजर मरू शकतं.

या दुखण्यातून एक सवय जन्माला येते. ट्रेमध्ये, म्हणजे घरात संडासासाठी माती भरून ठेवलेल्या भांड्यात, बसल्यावर दुखलं, म्हणजे ट्रे दुखवतो, असा मांजराचा समज होतो. मग ते मऊ किंवा गार जागा शोधतं: गादी, पायपुसणं, मोरी, बेसिन. दुखणं बरं झालं तरी समज राहतो. म्हणून औषधाचा कोर्स संपल्यावरही मांजर गादीवरच जात असेल तर ट्रे बदला, निदान त्यातली माती तरी.

म्हाताऱ्या मांजराचं थारोळं अचानक मोठं व्हायला लागलं आणि ते पाण्याच्या भांड्यापाशी घुटमळायला लागलं, तर मूत्रपिंडं, मधुमेह किंवा थायरॉइड यांपैकी काहीतरी असू शकतं. रक्त आणि लघवी तपासा. तिथे सोफ्याचा प्रश्न दुय्यम आहे.

पाण्याचंही बघायला हवं. घरातलं मांजर मूळचं रखरखीत प्रदेशातल्या रानमांजराचं वंशज. त्यामुळे त्याची लघवी स्वभावतःच दाट आणि तहान कमी. नुसते कोरडे दाणे खाणाऱ्या मांजराची लघवी आणखी दाट होते. कोकणात यावर उपाय घरातच आहे. बांगडा किंवा तारली मीठ-मसाला न घालता उकडा, काटे काढा आणि उकडीच्या पाण्यासकट द्या. खारवलेली सुकट किंवा सुका बांगडा मात्र मांजराच्या ताटलीत नको, कितीही आशेने बघत बसलं तरी.

पावसाने हिरावलेली जागा

डॉक्टरांनी सगळं ठीक म्हटलं की जागेचा विचार करायचा. पावसाळ्यातली बहुतेक प्रकरणं इथेच सुटतात.

किनाऱ्यावरच्या मांजराचा संडास आठ महिने बाहेर असतो. माडाच्या आळ्यातली माती, परसातला भुसभुशीत कोपरा, शेजाऱ्याने घरबांधणीसाठी आणून टाकलेला वाळूचा ढीग. त्याला पायाखाली कोरडं, सुटं, उकरता येईल असं काहीतरी लागतं. जूनमध्ये हे सगळं एका रात्रीत जातं. आळ्यात पाणी, परसात चिखल, वाळूवर ताडपत्री, पागोळ्यांची धार, आणि त्यातून ओलं व्हायचं मांजराच्या जिवावर येतं. घरात कोरडं आणि मऊ काय आहे? गादी. सोफा. धुतलेल्या कपड्यांचा ढीग. मांजराने निवड केलेली असते, आणि त्याच्या बाजूने विचार केला तर चांगलीच केलेली असते.

उपाय: पाऊस यायच्या आधी घरात त्याची सोय करा. बाजारात मिळणारे ट्रे बहुधा लहान असतात. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट लांब भांडं हवं, म्हणजे पूर्ण वाढलेल्या बोक्याला दोन फुटांच्या वर. धुणं भिजवायचा मोठा प्लास्टिकचा टब घ्या आणि एका बाजूची कड खाली कापा, म्हणजे म्हाताऱ्या मांजरालाही आत जाता येईल. कापलेली कड घासून गुळगुळीत करा. आंब्याचा क्रेट घेऊ नका. प्रत्येक घरात दोन-चार पडलेले असतात म्हणून मोह होतो, पण त्याला भोकं असतात आणि पडवीत ओघळ येतील.

आत काय घालायचं? मांजरांना बारीक वाळूसारखं, बिनवासाचं आवडतं. दुकानातली बेंटोनाइट मातीची वाळू लघवी पडली की तिचा गोळा होतो, तो खुरप्याने उचलून टाकता येतो, म्हणून ती सोयीची. पण आमच्या हवेत उघडी पिशवी दमट होऊन आधीच गोळे धरते, तेव्हा झाकणाच्या डब्यात ओतून ठेवा. परवडत नसेल तर चाळलेली, वाळवलेली नदीची वाळू किंवा नारळाच्या सोडणाचा भुसा चालतो. भुसा ओल छान शोषतो, मात्र रोज बदलावा लागतो. चुलीची राख घालणारे पुष्कळ आहेत. ती ओली झाली की पंजाला चरचरते आणि मांजर तीच चाटून साफ करतं, त्यामुळे मी तरी घालणार नाही. थर दोन-तीन इंचांचा ठेवा. लव्हेंडरच्या वासाची वाळू माणसाच्या नाकासाठी बनवलेली असते. मांजराचं नाक आपल्यापेक्षा फार तिखट, त्याला तो वास नकोसा होतो आणि ते पुन्हा गादीकडे वळतं.

ट्रेची संख्या: जितकी मांजरं, त्याहून एक जास्त. दोन मांजरांना तीन ट्रे म्हटलं की लोक हसतात. पण एकाच ट्रेच्या तोंडाशी दबा धरून बसणारं दांडगं मांजर असेल तर दुसऱ्याने जायचं कुठे? तीनही ट्रे एकाच रांगेत मांडले तर मांजराच्या लेखी तो एकच ट्रे. वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. वॉशिंग मशीनशेजारी नको, कारण ऐन वेळी ते फिरायला लागलं तर मांजर पुन्हा तिकडे फिरकणार नाही. जेवणाच्या ताटलीजवळ नको. पडवीत ठेवणार असाल तर पावसाची झड जिथे पोचत नाही आणि कुत्रा जिथे झोपत नाही असा कोपरा शोधा. दिवसातून एकदा, जमलं तर दोनदा, साफ करा. घरात गरोदर बाई असेल तर हे काम दुसऱ्याने करायचं, कारण मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा धोका असतो.

मांजराने गादीचा एक कोपरा पक्का केला असेल तर पहिला ट्रे तिथेच, अगदी त्या कोपऱ्यालगत ठेवा. दिसायला वाईट दिसेल. ते ट्रे वापरायला लागलं की रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्या. एका दिवसात खोली बदललीत तर पहिल्यापासून सुरुवात.

शिक्का

फवारा मारणारा बहुधा नसबंदी न झालेला बोका असतो. नसबंदीनंतर दहापैकी साधारण नऊ बोक्यांचं फवारणं बंद होतं किंवा खूप कमी होतं. शरीरातले हार्मोन उतरायला काही आठवडे लागतात, म्हणून आठवड्याभरात डॉक्टरांना शिव्या देऊ नका. पाचव्या महिन्याच्या आसपास नसबंदी केली तर सवय लागतच नाही. भाटीही माजावर आली की फवारते, तिलाही हाच नियम. नसबंदीने बोका नेभळट होतो असं म्हणणारे प्रत्येक वाडीत असतात. त्यांच्या घरचा बोका महिन्याला कान फाडून घेऊन येतो, हे मी फक्त नोंदवून ठेवतो.

नसबंदी होऊनही काही मांजरं फवारतात, ती ताणामुळे. खिडकीतून परका बोका दिसला, घरात बाळ आलं, फर्निचर हललं, रंगकाम निघालं. कोकणातलं मोठं निमित्त म्हणजे गणपती. एरवी तीन माणसं असलेल्या घरात चाकरमान्यांसकट वीस जण येतात. माळ्यावरच्या गाद्या खाली निघतात, ओटीवर बॅगांची रास लागते, रात्रभर भजन, ढोलकी, फटाके. मांजराच्या ओळखीचे सगळे वास एका दिवसात पुसले जातात, म्हणून ते आपला वास परत लावायला निघतं, आणि सगळ्यांत परकी वस्तू असते मुंबईहून आलेली बॅग. त्या आठ-दहा दिवसांसाठी मांजराला एक खोली द्या, निदान माळा तरी. आत ट्रे, पाणी, त्याचं जुनं पोतं. दार लावून घ्या आणि मुलांना सांगून ठेवा. बॅगा जमिनीवर न ठेवता कपाटात किंवा उंचावर. मऊ सुती फडकं मांजराच्या गालांवरून हळूच फिरवून तेच सोफ्याच्या कोपऱ्यांना मांजराच्या उंचीवर घासलं तर मदत होते, कारण गालांतल्या ग्रंथींचा गंध त्याला "इथे सगळं ठीक आहे" असं सांगतो. परका बोका येत असेल त्या खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवा.

वास घालवल्याशिवाय काहीच थांबत नाही

मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त द्रव्य असतं. ते तयार होण्यात कॉक्सिन या प्रथिनाचा हात असतो, हे जपानी संशोधकांनी २००६ साली दाखवून दिलं. ताज्या लघवीत फेलिनिनला फारसा वास नसतो. ते हळूहळू फुटत जातं आणि त्यातून गंधकाची उग्र वासाची द्रव्यं सुटतात. शिवाय जंतू लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनवतात. म्हणून डाग तिसऱ्या दिवशी पहिल्या दिवसापेक्षा जास्त घाणतो. नसबंदी न झालेल्या बोक्यात फेलिनिन सगळ्यांत जास्त. उन्हाळ्यात सुकून गप्प झालेला डाग पावसाळी दमट हवेत पुन्हा बोलायला लागतो. आपल्याला तो येवढा येतो, तर मांजराला तो केवढा येत असेल? त्याच्यासाठी ती पाटी असते: संडास इथे आहे.

डाग ताजा असेल तर जुना पंचा घडी करून त्यावर दाबा, वर उभे राहा. घासू नका, घासल्याने लघवी आत जाते. मग गार पाणी, पुन्हा दाबणं. त्यानंतर एन्झाइमचा क्लीनर, प्राण्यांच्या डागांसाठी मिळतो तो. एन्झाइम असलेली कपड्यांची पावडर गार पाण्यात विरघळवूनही बरंचसं काम होतं. लघवी फोममध्ये जितकी खोल गेली तितकं ते पाणी खोल गेलं पाहिजे, नुसतं वरून शिंपडून उपयोग नाही, आणि काही तास ओलं राहू द्यायचं. गरम पाणी किंवा इस्त्री नको, एन्झाइम मरतात आणि वास पक्का बसतो. व्हिनेगर अमोनियाचा वास कमी करतं, पण गंधकाला पुरेसं पडत नाही.

खरी पंचाईत जुलैत, जेव्हा ओला केलेला सोफा आठवडाभर वाळत नाही. तेव्हा गादीवर मेणकापड घालून वर चादर टाका, सोफ्यावर दिवसा ताडपत्री, आणि डागावर पंखा लावून ठेवा. कापसाची गादी खोलवर भिजली असेल तर ती उसवून कापूस वाळवून पिंजून घेणं हाच मार्ग, तोही गणपतीनंतर कडक ऊन पडल्यावर. जुने डाग सापडत नसतील तर अतिनील टॉर्च आणा, रात्री सगळे दिवे बंद करा आणि जमिनीपासून मांजराच्या उंचीपर्यंत फिरवा. पिवळसर-हिरवट चमकणाऱ्या जागा दिसतील. त्यांची संख्या बघून धक्का बसायची तयारी ठेवा.

आता फिनाईल. मांजराच्या यकृताला फिनॉलसारखी द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. फिनाईलवरून चाललेलं मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. डांबराच्या गोळ्या, निलगिरीचं तेल, कापूर हेही त्याच पंगतीतले. ब्लीच लघवीवर ओतलं तर विषारी वायू निघतो, तो तुमच्याही छातीत जातो. अमोनिया असलेले क्लीनर मांजराला लघवीसारखेच वाटतात, म्हणजे पाटीला नवा रंग दिल्यासारखं. मिरचीपूड क्रूरपणा आहे. दारात टांगलेल्या निळ्या पाण्याच्या बाटल्यांनी मांजराचं काही वाकडं होत नाही, ते त्यांना अंग घासून जातं. डागात नाक खुपसणंही निरुपयोगी: त्यातून मांजर फक्त तुमच्या नजरेआड मुतायला शिकतं. आणि पोत्यात घालून जेटीवर नेऊन सोडणं हा तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे.

साफ केलेल्या जागेवर मांजराची जेवणाची ताटली ठेवली तर बहुतेक मांजरं तिथे मुतत नाहीत. सोफ्याच्या बाबतीत हा उपाय बायकोला आधी विचारून करावा.

दुखणं नाही, ट्रे नीट, नसबंदी झालेली, वास गेलेला, आणि तरीही महिन्याभरात फरक नसेल तर पुन्हा पशुवैद्याकडे जा. ताण कमी करणारी औषधं मांजरांनाही देतात. ती डॉक्टरांनीच ठरवायची, आणि गुण यायला काही आठवडे लागतात. तोवर नवा सोफा घेऊ नका. नव्या रेक्झिनचा परका वास म्हणजे शिक्का मारायला आमंत्रणच. निदान दोन महिने कोरडे जाऊ देत, मग दुकानात जा, आणि कव्हर काढून धुता येईल असा बघा.